हात जोडायचे राहिले

मी तांब्याची घागर बोलतेय. खणखणून सांगितलं, दगूबाईनं मला फेकलं नाही, माझी मीच वाहत गेले. कोणी विश्वास ठेवला नाही. घागरीचं कोण ऐकतं? बडवायला मात्र सगळे पुढे.

बडवूनच घडले मी. नंदुरबारच्या तांबटानं ठोक्यावर ठोके घातले, आणि एकोणीसशे बत्तीस साली रूपचंदनं बायकोसाठी, जसोदाबाईसाठी, मला तापीकाठच्या गावी आणलं. पुढे सून आली, दगूबाई, नि मी सासूच्या डोक्यावरून सुनेच्या कडेवर आले.

ही सून देवळात जायची नाही. उपास नाही, नवस नाही. पण सकाळी नदीवर आली की उभीच राहायची. मार्गशीर्षातली थंडी, पाण्यावर वाफ, वाळूवर उतरलेले करकोचे, पलीकडे सातपुड्याच्या माथ्यावर चढणारा उजेड. तिची बरगडी माझ्या अंगाला टेकलेली असायची. तिचा श्वास थांबायचा ना, तो मला कळायचा. देवळाच्या पायरीवर मी पुष्कळ बाया पाहिल्या. हात जोडलेले नि तोंडानं शेजारणीची उणीदुणी. अशी गप्प झालेली एकही नाही.

उशीर झाला की जसोदाबाई दारातच.

"देवळमा गयथी का?"

"नही, आत्याबाई. तापी देखी."

"हात जोडात का तिले?"

"हातमा घागर व्हती ना!"

"मंग घागर खाले ठेव, हात जोड! नही ते परवापाईन मांगनी विहीरनं पानी भरजो!"

मागची विहीर म्हणजे चार भिंतींतलं दोन हात आभाळ. दगूबाईचा चेहराच उतरला.

दुसऱ्या दिवशी तिनं मला काठाशी ठेवलं, हात जोडायला म्हणून. तेवढ्यात करकोचे उठले. हात राहिले जागच्या जागी, नि मी निघाले पाण्याबरोबर. कमरेइतक्या पाण्यात शिरून तिनं मला धरलं. घरी एकच गिल्ला: फेकली, मुद्दाम फेकली!

"उद्या मीच येसू," सासू म्हणाली. "हात कसा जोडतस, दखाडसू तुले."

आली. मला तिथंच ठेवलं, घसा साफ केला, "जय तापीमाय" म्हणायला तोंड उघडलं, नि थवा उठला. पंखांखालून सूर्य निघाला. तोंड उघडं ते उघडंच. वीस वर्षं या काठावर पाणी भरलं बाईनं, मान वर केली ती त्या दिवशी. दोघी तशाच उभ्या. मी मात्र वाहत जाऊन खडकावर आपटले, बुडाशी चिरले.

आता माझ्यात पाणी ठरत नाही. उडीद भरून ठेवतात. देव असतो की नसतो, मला विचारू नका, मी पोकळ. पण हात मोकळे दिसले म्हणून कुणाला कोरडी म्हणू नका, एवढंच मागणं. दगूबाई अजून नदीवरच जाते, मातीचा घडा घेऊन. सासूही सोबत असते.

त्या दिवशी मला घरी आणलं तेव्हा रूपचंद ओसरीवरून ओरडला, "घागर कोनी फोडी?"

दगूबाईनं मान खाली घातली. जसोदाबाई ओले पाय झटकत म्हणाली,

"तापीनी."