निजलेलं तेल

कलत्या फाल्गुनाचं ऊन माळावर थकून पसरलं होतं. पळस झडत आलेला, गवत पिवळं, रस्ता पिवळा, वाऱ्यातही पिवळी धूळ. त्या धूलिधूसर पिवळेपणात, ढाब्याच्या कडुनिंबाखाली, आण्णांचा ट्रक दिवाळीपासून उभा होता.

दिवाळीत इथेच आण्णांच्या छातीत कळ आली. त्यांनी ट्रक कडेला घेतला, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर मस्तक टेकलं. ते पुन्हा उठले नाहीत. ट्रकही उठला नाही. उभ्या उभ्या त्याचा डिझेल पंप जाम झाला.

आज त्यांची कॉलेजात शिकवणारी लेक उज्ज्वला ट्रक घरी न्यायला आली होती. क्रेनवाल्या गोरखने पुढची चाकं अधांतरी उचलली. मागची जमिनीवरच राहिली. काळी, जड, मौन.

"चला ताई, बसा माझ्या शेजारी. अंधार पडायच्या आत घर गाठू."

उज्ज्वला थकली होती. दहाव्याच्या दर्भापासून थकली होती. येणाऱ्यांच्या चहानं, जाणाऱ्यांच्या सांत्वनानं, आईच्या रित्या कपाळाकडे न बघण्यानं थकली होती. दिवाळीपासून तिच्या पापणीला पापणी लागली नव्हती. तिलाही कुणीतरी असंच पुढून उचलून नेत होतं. दिवस फिरत होते. आत काहीच भिजत नव्हतं. ती क्रेनच्या केबिनच्या पायरीवर चढली.

आणि तिथून तिला ती मागची चाकं दिसली.

लहानपणी आण्णांनी अंगणात उघडून ठेवलेला गिअरबॉक्स तिनं पाहिला होता. तळाशी तेल असतं. मधुवर्ण, मंदगती, तमोगर्भ. इंजिन जागं झालं की खालचा दांडा फिरतो, आणि त्याचे दाते रहाटाच्या पोहऱ्यांसारखे तेलात बुडतात, तेल वर उडवतात. ते वरच्या दांड्यावर बरसतं, बेअरिंगांच्या सांध्यांत झिरपतं, लोखंडी भिंतींवरून ओघळतं, तळाशी परततं. पुन्हा बुडणं, पुन्हा उसळणं, पुन्हा परतणं. घाट चढावा, घाट उतरावा, आणि आतल्या अंधारात हा पाऊस अखंड पडत राहावा.

इंजिन निजलं की खालचा दांडा निजतो. पाऊस थांबतो. तेव्हा ट्रक ओढला तर, न्यूट्रलला असला तरी, चाकं वरचा दांडा फिरवत राहतात, आणि तो कोरडा फिरतो, कोरडा तापतो, कोरडा जळतो.

'निजलेल्याला ओढू नये, बाय,' आण्णा म्हणायचे. 'एक तर उठवावं, नाहीतर उचलावं.'

ती खाली उतरली. "गोरखभाऊ, आधी प्रॉपेलर शाफ्ट खोला." गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत गेलेल्या लांब दांड्याकडे तिनं बोट केलं.

"अहो, गाडी न्यूट्रलला आहे की! सगळे अशाच नेतात."

"आणि घरी पोचल्यावर गिअरबॉक्सच्या नावानं रडतात."

"नट गंजलेत, ताई. घरी वाट बघतंय कुणीतरी."

"वहिनी?"

"वहिनी कुठली! म्हैस. माझ्याशिवाय पान्हा सोडत नाही." तो पाना घेऊन कुरकुरत ट्रकखाली सरकला. "कॉलेजात हेच शिकवता होय?"

"नाही. हे मी घरात शिकले."

दांडा धरायला तीही खाली सरकली, धुळीत पाठ टेकून. गंजलेला एकेक नट किंचाळत सुटला. दांडा निखळला तेव्हा गिअरबॉक्सच्या मुखाशी ताम्रवर्णी तेलाचा एक थेंब लोंबला, थबकला, तिच्या मनगटावर पडला. गंधकाचा तो उग्र, ओळखीचा दरवळ. कितीही साबण लावला तरी आण्णांच्या सदऱ्यांतून न गेलेला.

गोरखने चिंधी पुढे केली. तिनं घेतली नाही.

क्रेन निघाली. मागची चाकं फिरू लागली, मोकळी, नुसती. माळ सरला, उतार आला, सांज केशरी झाली आणि राखी झाली. काहीतरी विचारायला गोरखने मान वळवली. खिडकीच्या गजाला डोकं टेकून, मनगट नाकाशी धरून, ती निजली होती.

त्यानं गाणं बंद केलं. खड्डा आला, त्यानं वेग उतरवला. म्हैस हंबरत असेल, हंबरू दे. मागे ट्रकच्या पोटात तेल निजलं होतं, निश्चल, मधुवर्ण. पुढे त्याच्या शेजारी लेक निजली होती. आणि माळामागून माळ, अंधारामागून अंधार ओलांडत, तो दोघांना अलगद, न उठवता, घरी नेत होता.