नाव घेऊन येणारा

"एवांथिया," आर्गिरो स्पष्ट म्हणाली आणि मिरोनासच्या हातातली मेणबत्ती कलून मेण थेट बुटावर सांडलं.

आपण भलत्याच बाळाच्या बाप्तिस्म्याला तर आलो नाही ना, असं त्याला क्षणभर वाटलं. बाळाचं नाव पुकारायचा मान धर्ममातेचा, म्हणजे आर्गिरोचा; आणि कालच तिनं त्याच्या अंगणात कॉफी पीत मान डोलावली होती. पहिली नात, तेव्हा बापाच्या आईचं, म्हणजे मिरोनासच्या बायकोचं नाव. स्तमाता. त्यात विचारायचं काय?

पाद्रीबाबांनी बाळाला पाण्यात बुडवलं. बाळानं टाहो फोडला.

"सुनेनं डाव साधला, मास्तर," शेजारचा लिओनिदास कुजबुजला. "आता बायकोला सांगायला हेल्मेट घालून जा."

पण सून स्वतःच आ वासून आर्गिरोकडे बघत होती. मुलगाही. आर्गिरो मात्र मिरोनासची नजर चुकवत होती.

गुडघा दुखतो म्हणून स्तमाता चर्चमध्ये आली नव्हती. पूर्वी बाळाची आई घरीच थांबायची आणि पोरं तिला नाव सांगायला धावत सुटायची. पहिला पोचेल त्याला खाऊ. आता कोण धावणार? मिरोनासच निघाला.

उतारावर त्यानं वाक्यं जुळवून पाहिली. एवांथिया, म्हणजे छान फुललेली. चाळीस वर्षं शाळेत त्यानं असे अर्थ फोडून सांगितले होते. पण आज ते सांगून काय उपयोग? स्तमाता म्हणजे 'थांब'. सासऱ्याला चौथी मुलगी झाली, तेव्हा मुली थांबाव्यात म्हणून ठेवलेलं नाव. तरी तिचंच ना ते? नातीपर्यंत नाव पोचलं नाही, तर माणूस तिथंच संपतं, असं अख्खं गाव मानायचं. तोही मानायचा.

स्तमाता दारात उभी होती. ठेवणीतला पोशाख घालून. गुडघ्याची तक्रार कुठंच दिसत नव्हती.

"काय ठेवलं?"

"तू आधी बस."

"बसते नंतर. काय ठेवलं?"

"आर्गिरोचं काहीतरी चुकलंय. मी पाद्रीबाबांशी बोलतो, तू मनाला..."

"अरे, नाव सांग!"

"एवांथिया."

तिनं डोळे मिटले. "परत सांग."

"एवांथिया. पण हे कसं..."

"म्हणजे आर्गिरोनं मला दिलेला शब्द पाळला." तिनं चौकटीला हात टेकला. "माझ्या बाप्तिस्म्याला माझी आई अशीच दारात उभी होती. तिनं हेच नाव सांगून पाठवलं होतं. वाटेत माझ्या वडिलांनी ते बदललं. आणि थोरली बहीण धावत आली, 'स्तमाता' ओरडत..."

खिशातून साखरेत घोळवलेला बदाम काढून तिनं त्याच्या तळहातावर ठेवला.

"पहिला आलास."

मिरोनासला अजून सगळं उमगलं नव्हतं. तरी त्यानं बदाम तोंडात टाकला.

"अर्थ काय रे त्याचा, मास्तर?" तिनं विचारलं.

तोंड भरलेलं होतं. त्यानं मूठ मिटली आणि फुलासारखी हळूच उघडून दाखवली.