एकतीस घरांचे गुण

शनिवारी सकाळपासून मंतशाने तीच फाईल चार वेळा उघडली आणि चार वेळा मिटली. भडगाव तालुक्यात ती सरकारी फिजिओथेरपिस्ट होती. लकवा मारलेल्या माणसांच्या घरी पंधरा दिवसांतून एकदा जायचं, हातापायांचे व्यायाम करून घ्यायचे, हे तिचं काम. या घरभेटींनी माणसं किती सुधारतात, याचा अभ्यासही दोन वर्षांपासून तिच्याकडेच होता. सोमवारी धुळ्याला बैठक होती. तिथे आकडे पाहून घरभेटी चालू ठेवायच्या की बंद करायच्या ते ठरणार होतं.

आकडे फार चांगले होते, आणि तेच टोचत होतं. स्वतः जेवता का? हो. स्वतः कपडे घालता? हो. एकतीस माणसं, शंभरपैकी नव्वदच्या वर गुण. पहिल्या भेटीतही तेवढेच, शेवटच्या भेटीतही तेवढेच. साहेब विचारणार, माणसं आधीपासूनच बरी होती तर तुम्ही जात कशाला होता?

फाईलखाली धुळ्याच्या प्रशिक्षण वर्गाचा अर्ज होता. ‘संशोधनासाठी आपणास कोणत्या प्रशिक्षणाची गरज आहे?’ तिने आकडेवारी, संगणक आणि इंग्रजी लेखन यांवर खुणा केल्या होत्या. आता त्यांच्याकडे बघवेना. ती खाली उतरली.

खाली घरमालक हेमराज गुरुजी ओट्यावर बसले होते. चौथीत मंतशाला त्यांनीच शिकवलं होतं. निवृत्त झाले तरी शेजारची पोरं सुटली नव्हती. आत्ता समोर भाविका होती, पुढ्यात चिंचोक्यांचा ढीग.

“सतरातून नऊ गेले. समजलं ना गुरुजी,” भाविका उठू लागली.

“बस. मांडून दाखव.”

तिने मांडले. सात उरले. ती ढिगाकडे रागाने बघत राहिली.

“चिंचोकेच खोटे आहेत,” ती म्हणाली.

“असतील बाई. पुन्हा मांड.” मग ते मंतशाकडे वळले. “तुझं काय? सकाळपासून माझ्या डोक्यावर चालते आहेस.”

तिने फाईल पुढे केली. गुरुजींनी चष्मा पुसून दोन पानं पाहिली.

“सगळा वर्ग पहिला आला की मास्तरला घोर लागतो. विचारलंस कसं?”

“घरी जाऊन. नीट, एकेक प्रश्न.”

“मी पण आधी वर्गाला विचारायचो, समजलं का? चाळीस पोरं म्हणायची, हो गुरुजी.” त्यांनी भाविकाकडे बोट केलं. “आठ उरतात हे हिला अजून माहीत नाही. पण ‘हो’ किती झोकात म्हणाली!”

मंतशाने तिथूनच स्कूटर काढली.

गिरणा ओलांडून दोन गावं गेली की बिजलीबाईचं घर. उजवा हात लकव्याने लुळा पडलेला, वय सत्तरच्या आसपास. गुण चौऱ्याण्णव. सून ललिता दारात धुणं वाळत घालत होती.

“आज कशा काय, मॅडम? तुमची फेरी तर बुधवारी.”

“आज व्यायाम नाही. अक्का, तब्येत कशी?”

“बठ्ठं बरं शे, माय. बस. ललिता, च्या ठेव.”

दोन वर्षं ‘सगळं बरं आहे’ हेच उत्तर होतं. मंतशाने कागद काढलाच नाही. “अक्का, मला कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी थापता येत नाही. अम्मीपण हसते. शिकवता?”

बिजलीबाई खुलली. “इतली मोठी व्हयनी, आनि भाकर येत नही?” ती भिंतीला धरून चुलीपाशी आली. ललिता धुणं टाकून धावली. तिने सासूला बसवलं, पदर खोचून दिला, पीठ काढलं, पाणी ओतलं. सगळं न सांगता, रोजचं असावं तसं.

डाव्या हाताने बिजलीबाईने गोळा परातीत ठेवला. उजवा वर उचलला. तो पिठावर पडला आणि तिथेच राहिला. भाकरी एका बाजूने फाटली.

चुलीवरचा तवा तापून धुरावला.

“अक्का, कपडे कोण घालतं?” मंतशाने हळू विचारलं.

“मी...” बिजलीबाई थांबली. “ती घालस. न्हावाले बी तीच.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“कशी सांगू, माय? तू पाहुनी. पाहुनीसमोर ‘माले जमत नही’ म्हनू, तं लोके म्हनतीन सून देखत नही. इतलं करस ती, नि तिलेच बोल लागी.”

ललिता परातीकडे बघत म्हणाली, “आणि मी सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, सासूचं करते आणि गावभर सांगते.”

एकतीस घरं. प्रत्येक घरी मंतशाने प्रश्न विचारले होते ते अंगणात, चहा हातात घेऊन, सगळं घर भोवती उभं असताना. परतताना स्कूटर तिने दोनदा उगाच थांबवली.

सोमवारी धुळ्याच्या बैठकीत ती उभी राहिली. “मॅडम, हे गुण चुकीचे आहेत. पेशंट खोटं बोलले नाहीत. मी विचारलं ते चुकीचं होतं.” तिने भाकरीचं सांगितलं. मागे कोणीतरी हसलं.

“म्हणजे दोन वर्षं वाया?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“घरभेटी वाया नाहीत. मोजणी वाया. पहिल्या दिवशी ते कसे होते, ते आता मला कधीच कळणार नाही. आज कसे आहेत ते कळेल. ह्या वेळी विचारणार नाही, करून दाखवा म्हणेन.”

बाईंनी बराच वेळ कागद चाळला. “एक महिना. तोवर घरभेटी चालू. नंतर पाहू.”

एक महिना, एकतीस घरं. रविवारही धरावे लागणार होते. बसस्टँडवर तिने अर्ज काढला, तिन्ही खुणा खोडल्या आणि खाली लिहिलं, ‘घरातल्यांसमोर माणूस काय बोलत नाही, ते ओळखायला शिकायचं आहे.’ अर्ज तिथल्याच टपालपेटीत टाकला आणि फोन लावला.

“गुरुजी, एकतिसातलं पहिलं घर उद्या, चैत्राम नानांचं. ते म्हणतात, बैल अजून मीच सोडतो.”

“मग घरात बसू नकोस,” गुरुजी म्हणाले. “गोठ्यात जा.”