जनाचा फोटो

चंदा भोईर डोळखांबजवळच्या एका पाड्यावर अंगणवाडी चालवते. दिवाळीच्या सुट्टीत तिने पाच दिवसांत चारशे किलोमीटर सायकल चालवायचं ठरवलं. त्या निमित्ताने लोक देणगी देतील, त्या पैशांतून एक जुनी जीप घ्यायची आणि पाड्यांवरच्या आजाऱ्यांसाठी रस्त्यावर उभी ठेवायची, असा विचार होता. लांब कुठे जाणं जमणार नव्हतं. संध्याकाळी घरी येऊन सासूसाठी स्वयंपाक करावा लागायचा. म्हणून रोज किन्हवलीवरून मुरबाडला जायचं आणि त्याच रस्त्याने परत यायचं.

ही कल्पना तिच्या भाचीची, हेतलची. हेतल कॉलेजात शिकते. लोकांना पाठवायचं आवाहन तिनेच मोबाइलवर लिहिलं आणि त्यात जनाचा फोटो टाकला. जना ही पाड्यावरच्या बुधूची बायको. आदल्या वर्षी पावसाळ्यात बाळंतपणात तिला रक्त जायला लागलं, तेव्हा चौघांनी डोलीतून तासभर चालत तिला रस्त्यावर आणलं. तिथे अडीच तास गाडीची वाट पाहिली. गाडी आली तेव्हा जना गेली होती, पोटातलं बाळही. चंदा डोलीबरोबर चालली होती आणि शेवटपर्यंत तिच्याजवळ बसली होती. फोटो चंदाच्याच मोबाइलमध्ये होता, अंगणवाडीच्या नोंदणीसाठी काढलेला. हेतलला तो तिनेच दिला.

पहिले दोन दिवस बरे गेले. शेतांत भाताची झोडणी चालू होती. बायका हातातलं काम थांबवून बघायच्या. सरळगावात एकीने विचारलं, सायकल चालवली की पैसे कोण देतं आणि का. चंदाला ते नीट सांगता आलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी मांड्या इतक्या भरून आल्या की तिने भिंतीला पाठ टेकून भाकऱ्या थापल्या. पैसे मात्र हेतलला वाटलं होतं त्याहून भराभर येत होते.

तिसऱ्या दिवशी किन्हवलीत चहाच्या टपरीवर बुधू बसला होता. तिच्यासाठीच आला होता. तिला आधी पाणी पिऊ दिलं, मग त्याने सांगितलं की कापणीला गेला असताना कुणाच्या तरी मोबाइलवर त्याने तो फोटो पाहिला.

"बाई, जनाचा फोटो काढा तिथनं," तो म्हणाला. "लोकं तिच्या तोंडाकडं बघून पैसं टाकतात. ती कोणाकडं मागायला गेली नव्हती."

"तुला इचारायला पाह्यजे होतं, बुधू. चुकलं माझं."

"नाय इचारलं," एवढं म्हणून तो उठला आणि डोळखांबच्या गाडीची वाट बघत रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला.

चंदाने तिथूनच हेतलला फोन लावला. हेतलचं म्हणणं पडलं की दोन दिवस तरी राहू दे, लोक त्या फोटोमुळेच देतायत. चंदाने सांगितलं, फोटो तिथून निघाल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. ती बाकड्यावर बसून राहिली. दहा मिनिटांनी फोटो निघाला.

मग ती मुरबाडकडे निघाली. आपण तिथे होतो, म्हणून ती गोष्ट थोडी आपलीही आहे, असं तिला वर्षभर वाटत आलं होतं. कुणी तसं म्हटलं नव्हतं.

उरलेल्या दोन दिवसांत पैसे थोडेच आले. पाचव्या दिवशी अंधार पडायच्या आत चारशे किलोमीटर पुरे झाले. हेतलने तिचा सायकलसोबत फोटो काढला. त्या दिवशी सासूनेच भात टाकला होता. चंदा दोन घास खाऊन झोपली.

जीप घेण्याइतकी रक्कम जमली नाही. मग आटगाव स्टेशनला जीप चालवणारा जगन तयार झाला. जमलेल्या पैशांवर वर्षभर, पाड्यावरून फोन आला की बाकीचं भाडं सोडून तो येणार होता. चंदा हे सांगायला बुधूकडे गेली. तो नाचणी वाळत घालत होता. ऐकून घेतलं, जगनचा नंबर मागितला आणि मोबाइलमध्ये टाकला.

पहिला फोन जानेवारीत गेला. ठकी नावाच्या म्हातारीला ताप होता. तिला गाडी लागली आणि शहापूरच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत तिच्या उलट्यांसाठी जगनला दोनदा थांबावं लागलं. परत येताना ती पुढे, जगनशेजारी बसली.