स्मोकोचा धडा

सखीदादला माझ्याकडून एवढंच शिकायचं होतं, की स्मोकोला सगळ्यांबरोबर टेबलावर बसता यावं. स्मोको म्हणजे सकाळची चहाची सुट्टी. नाशपतीच्या पॅकिंग शेडमधली माणसं तेव्हा लांब टेबलाभोवती जमतात, आणि सखीदाद आपल्या गाडीत काचा वर करून थर्मासमधला हिरवा चहा पीत बसायचा.

"काम समजतं, बाई," तो पहिल्याच दिवशी म्हणाला. "मुकादम समजतो. टेबल समजत नाही. सगळे हसून झाले की मग मला समजतं. तेव्हा एकटा हसलो तर वेडा दिसतो."

पन्नाशीचा, हजारा जमातीचा माणूस. बायको-मुली अजून पाकिस्तानात, क्वेट्ट्यात, व्हिसाची वाट बघत. इथे ऑस्ट्रेलियात, मुरूपना गावात तो भाड्याच्या खोलीत एकटाच. मी गावच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. नवरा कीथ गेला, मुलगा पर्थला. तो रविवारी फोन करतो आणि हवापाणी विचारतो. मंगळवारी संध्याकाळी सखीदाद माझ्या स्वयंपाकघरात इंग्रजी शिकायला येई. आठवड्यात माझ्या घराची घंटा वाजे ती तेव्हाच.

लायब्ररीतून मी खोकंभर पुस्तकं आणली. एकात मांजर चटईवर बसलेलं. पन्नाशीच्या माणसापुढे ते उघडायला मलाच लाज वाटली. दुसऱ्यातले लोक सारखे हॉटेलात खोली मागत होते आणि सूप मागवत होते.

सखीदादने ते शांतपणे वाचलं. "हे लोक फार गोड बोलतात," तो म्हणाला. "शेडमध्ये असं बोललो तर विचारतील, ताप आलाय का?"

बरोबरच होतं त्याचं. टेबलावर कसं बोलायचं याचं पुस्तकच कुणी काढलेलं नव्हतं. मग म्हटलं, आपणच लिहू.

त्यासाठी मी रोज बेकरीत जाऊन बसायला लागले. गवंडी, प्लंबर, ड्रायव्हर सगळे तिथे मीट पाय, म्हणजे खिमा भरलेली पेस्ट्री, खायला येतात. पण मी शेजारी बसले, की त्यांच्या बोलण्याला इस्त्री व्हायची. निम्मे माझ्याच वर्गातून गेलेले ना! शेवटी कोपऱ्यात पाठ करून बसले, समोर पेपर धरला आणि कान मागे लावले. सत्तरीच्या बाईला हे शोभत नाही, पण मजा आली, खोटं कशाला बोलू?

कळलं ते असं, की ही माणसं काहीच बोलत नाहीत, आणि तेच अखंड बोलत असतात. पाऊस. गुडघा. शनिवारी आपली टीम कशी आपटली. कुणाच्या कुत्र्याने कुणाचा बूट खाल्ला. मी त्याचे धडे केले. मंगळवारी मी डॅझ व्हायची. डॅझ म्हणजे शेडमधला सगळ्यात तोंडाळ गडी, तोही माझा जुना विद्यार्थी. मी टेबलावर पाय ठेवून, आवाज घोगरा करून म्हणायची, "काय रे, आज पण उशीर? बायकोने झोपू दिलं नाही वाटतं!"

सखीदाद लाजून लाल व्हायचा. मग म्हणायचा, "नाही. तुझ्या कुत्र्याने."

आम्ही इतके हसायचो, की शेजारीण मेविस पडदा सारून बघायची.

हळूहळू तो गाडीतून उतरला. आधी टेबलाच्या कडेला उभा राहिला, मग टोकाला बसला. आणि एका मंगळवारी तोंड पाडून आला. खुर्चीत बसला, वही उघडलीच नाही.

"उद्यापासून परत गाडीत बसणार," तो म्हणाला. "माझी चेष्टा करतात. मला रेडिओ म्हणतात. मी कमी बोलतो ना, म्हणून. डॅझने सुरू केलं, आता सगळे म्हणतात. मुकादमसुद्धा."

मी उठले. किटलीत पाणी भरलं. मला लख्ख कळलं होतं काय झालंय ते, आणि हेही कळलं होतं, की मी गप्प बसले तर हा गाडीत परत जाईल आणि दर मंगळवारी माझ्याकडे येत राहील. किटली उकळेपर्यंत मी तसा विचार केला.

मग वळून विचारलं, "तुमच्या शेडमध्ये तो ताडमाड उंच आहे, त्याला काय म्हणतात?"

"बुटक्या."

"आणि टकल्याला?"

"कुरळ्या." तो थांबला.

"ज्याला टेबलावर ठेवून घ्यायचं नसतं, त्याला ही माणसं नीट नावाने हाक मारतात, सखीदाद. अदबीने. तुम्हाला नाव पडलं. आता सुटका नाही."

त्याला ते कळायला वेळ लागला. मग हसू ओठांवर आलं, डोळ्यांत गेलं, आणि तो माझ्या स्वयंपाकघरात एकटाच "रेडिओ, रेडिओ" म्हणत बसला. पुढच्या मंगळवारी त्याचा निरोप आला, की डॅझकडे बार्बेक्यू आहे. त्याच्या पुढच्या मंगळवारी निरोपही आला नाही. मी रागावले नाही. पण किटली ठेवली की कान दाराकडे जायचे, ते काही माझ्या हातात नव्हतं.

मध्ये बरेच आठवडे गेले. एका शुक्रवारी सुपरमार्केटात भाजलेल्या कोंबडीच्या रांगेत ते दिसले. डॅझ, बुटक्या आणि मध्ये सखीदाद.

"ए रेडिओ, आवाज कमी कर, कान फुटले!" डॅझ ओरडला.

"तुझे कान? ते तर दोन वर्षांपूर्वीच बायकोने बंद केले," सखीदाद म्हणाला, तिथल्या तिथे, अडखळला नाही. हे मी शिकवलेलं नव्हतं.

पिठाच्या शेल्फामागे मी एकटीच हसले. मग मला राहवेना. जाऊन काहीतरी बोलावं, त्यांच्यासारखंच. वाक्य तयार केलं, "काय रे, तिघांना मिळून एक कोंबडी उचलत नाही का?" माझ्याच धड्यातलं होतं. घसा खाकरत मी पुढे झाले.

डॅझने वळून बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढली. बुटक्या ताठ उभा राहिला.

"नमस्कार, मिसेस पास्को," डॅझ म्हणाला.

सखीदादने त्याच्याकडे बघितलं आणि आपलीही टोपी काढली.

"नमस्कार, मिसेस पास्को," तो म्हणाला. उच्चार अगदी स्वच्छ होता.

"बरं आहे ना सगळं?" मी विचारलं.

"हो, छान आहे, मिसेस पास्को."

त्यांनी बाजूला होऊन मला रांगेत पुढे जागा दिली. मी कोंबडी घेतली, पैसे दिले, आभार मानले. तोवर कुणी चकार शब्द काढला नाही. बाहेर येऊन मी काचेतून वळून बघितलं, तेव्हा ते पुन्हा हसायला लागले होते.