तीन अक्षरं कमी

पेंटरला अक्षरं मोजायची सवय होती, पण ती पोटासाठी. दुकानाची पाटी असो की दवाखान्याची, आधी फळीवर खडूने घरं पाडायची आणि मगच रंगाचा डबा उघडायचा. त्याच्या हिशेबात अर्ध्या अक्षरालाही घर लागायचं. अर्धा म झाला म्हणून तो काही हवेत लटकत नाही.

बायकोची मोजणी वेगळी होती. दर पानगळीत ती वाचनालयातल्या मंडळींबरोबर तीन ओळींच्या कविता करायची. पाच अक्षरं, सात अक्षरं, पुन्हा पाच. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना तिची बोटं एकेक करून मिटायची. एवढ्यात तर माझी एक पाटीही होत नाही, असं पेंटर चिडवायचा. ती म्हणायची, "म्हणूनच तुझ्या पाट्या कुणी दोनदा वाचत नाही, म्हाताऱ्या." लग्न झाल्यापासून ती त्याला म्हाताऱ्या म्हणायची. फक्त घरात. चारचौघांत कधी नाही.

गेल्या पानगळीत ती दवाखान्यात होती. खाटेसमोरच्या खिडकीत एक झाड होतं, अर्धं उघडं पडलेलं. दुपारी तिने पेंटरचा हात ओढून घेतला आणि थांबत थांबत म्हणाली, "पान गळलं... फांदीला कळलंच... नाही, म्हाताऱ्या." मग त्याच्या तळहातावर एकेक करून पाच बोटं टेकवली आणि त्याच्याकडे बघत राहिली. पेंटरला वाटलं, वेळ विचारते आहे. "पाच वाजायचेत अजून," तो म्हणाला. ती हसल्यासारखी झाली आणि तिने डोळे मिटले. ते मिटलेच.

ते शब्द वर्षभर त्याच्या डोक्यात घोळत होते. ही कविता आहे एवढं त्याला कळलं होतं. घरी आल्यावर त्याने मोजून पाहिली. पहिल्या दोन ओळी बरोबर. तिसरी मात्र सात भरली, दोन जास्त. बायको मोजण्यात चुकणारी नव्हती. म्हणजे 'म्हाताऱ्या' ही नुसती हाक, कवितेतली नव्हे. हाक काढली की उरतं 'नाही'. तीन अक्षरं कमी. कविता पुरी करायलाही तिला वेळ मिळाला नाही, हे त्याला टोचत होतं.

यंदा वाचनालयाच्या बाईंनी त्याला बोलावून घेतलं. मागच्या बागेत त्याची बायको ज्या बाकावर बसायची, त्यावर तिची एक कविता लावायचं ठरलं होतं, आणि पाटी अर्थातच पेंटरने करायची. त्याने शेवटची कविता सांगितली. हाक तेवढी सांगितली नाही. घरातली गोष्ट घरातच बरी. तीन अक्षरं कमी पडतात म्हटल्यावर मंडळी कामाला लागली. कुणी 'कधीच' म्हणालं, कुणी 'मुळीच'. शेवटी त्याच्या मेव्हणीने 'अजून' सुचवलं. नाही अजून. सगळ्यांनी माना डोलावल्या. ही तिची धाकटी बहीण, तिच्याच ओढीने मंडळात आलेली. तिचा शब्द नाकारायचा कसा? पेंटर हो म्हणाला. पण पाटी रंगवताना तिथे पोचला की ब्रश अडायचा. त्या क्षणाला आपण तिला नेमकं तेच म्हणालो होतो, वाजायचेत अजून. तिच्या कवितेत आपलंच बावळट उत्तर जाऊन बसतंय.

पाटी घेऊन तो वाचनालयात गेला, तेव्हा एक नवा माणूस आला होता. बसचा निवृत्त कंडक्टर. त्याची ओळ बोटांवर काही बसेना. त्याने बाईंना विचारलं, 'उन्हात' तीन धरायची की चार?

"तीन," बाई म्हणाल्या. "जोडाक्षर एकच मोजायचं."

कंडक्टर म्हणाला, "म्हणजे दोघांत एक तिकीट. आमच्याकडे नसतं चाललं."

मंडळी हसली. पेंटर हसला नाही. त्याने पाटी भिंतीला टेकवली, हात पाठीमागे घेतला आणि बोटं मिटायला सुरुवात केली. ना. ही. म्हा. ता. ऱ्या. मूठ बंद झाली. त्याने ती उघडली आणि पुन्हा मोजलं.

"ती पुरी होती," तो म्हणाला. कुणाला काही कळलं नाही, तसं त्याला सगळं सांगावं लागलं. खिडकी, बोटं, हाकसुद्धा. सांगताना कान तापले.

मेव्हणीचा चेहरा उतरला. तिच्या ताईची हाक पाटीवर लागणार आणि तिचा स्वतःचा शब्द पुसला जाणार. "भाऊजी, ताई तुम्हाला कवितेत कशाला घेईल? उभ्या जन्मात एक तरी ऐकलीत का धड?"

"नाही ऐकली," पेंटर म्हणाला. "म्हणून तर म्हणाली, कळलंच नाही. झाडाचं नव्हतं ते. माझं होतं."

मेव्हणीने पदराने डोळे टिपले आणि पाटीचं एक टोक स्वतः उचललं.

आपल्या दुकानात आल्यावर पेंटरने चिंधी टर्पेंटाईनमध्ये बुडवली आणि 'अजून'वरून फिरवली. रंग कालचाच होता, सुटला, पण पुसटसा डाग मागे राहिला. त्याने खडू घेतला. तीन घरांची जागा आणि घालायची पाच.

"पुरेल का जागा?" मेव्हणीने विचारलं.

"पुरवायची," तो म्हणाला, आणि त्याने अर्धा म काढला, 'नाही'ला अगदी चिकटून.