अकबरमामांची प्यादेमात

राहू गावात एखाद्याचं डोकं किती चालतं हे ठरवायची एकच रीत होती. त्याला चावडीच्या कट्ट्यावर अकबरमामांसमोर बुद्धिबळाला बसवायचं. पानाचा विडा संपायच्या आत गार झाला तर गडी साधा, आन् दुपारभर टिकला तर हुशार. मग खुद्द मामांच्या बुद्धीबद्दल तर बोलायलाच नको. सोयरीक जुळवायची असो, भावाभावांत विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लावायच्या असोत, आधी मामांना विचारा. आता सोंगट्या हलवणं वेगळं आन् घरं सांधणं वेगळं, हे कुणाच्या मनात यायचं नाही. गावानं एकदा माणसाला हुशार ठरवलं की ठरवलं.

मामांनी उभी हयात दौंडला शिवणकाम केलं होतं. रेल्वेच्या टीसींचे काळे कोट शिवायचे. त्या कोटांच्या काळ्या आन् पॅन्टींच्या पांढऱ्या चिंध्या जोडून त्यांनी पट शिवला होता, कडेनं दुहेरी शिलाई मारलेला. दुकान बंद करून गावी आले तरी तो पट आन् सोंगट्यांची पिशवी कायम सदऱ्याच्या खिशात.

मुमताज त्यांची सून. सासू लवकर गेली होती आन् मामा ताटावर एकटेच बसायचे, ते हिला बघवायचं नाही. म्हणून लग्न होऊन आल्यापासून ती त्यांच्यासमोर बसून राहायची. ते जेवून उठले की मगच आपलं ताट वाढून घ्यायची. कुणी सांगितलं नव्हतं तिला, पण त्यात कधी खंड पडला नाही.

थंडीच्या तोंडाला एक दिवस मामा जेवले, हात धुऊन ओट्यावर गेले आन् जरा वेळानं परत आत आले.

"मुमताज, भाकर न्हाई टाकली का आज?"

तिला वाटलं, आब्बा थट्टा करतायत. ती हसली. मामा हसले नाहीत. तिनं मुकाट्यानं परत वाढलं.

मग ते रोजचंच झालं. चपला चुलीपाशी नेऊन ठेवायचे, वाळत घातलेली चादर शेजाऱ्याची म्हणून नेऊन द्यायचे. सकाळी उठले की म्हणायचे, "माझी गाडी चुकंल. दौंडला टीसीसायबाचा कोट द्यायचाय." एकदा तर मुमताजकडं टक लावून बघत राहिले आन् म्हणाले, "तू कुणाची गं, बाय?" त्या दिवशी ती न्हाणीत जाऊन रडली.

तिनं नवऱ्याला सांगितलं. नौशाद भांडगावच्या एका कंपनीत पाळीवर जायचा, घरी असायचा तेवढा वेळ झोपायचा.

"कालच आब्बांनी बाळासोला प्यादेमात दिली," तो म्हणाला. "बुद्धी गेलेला माणूस प्यादेमात देतो व्हय?"

प्यादेमात म्हणजे शेवटची मात प्याद्यानं द्यायची. वजिरानं, हत्तीनं कुणीही देतं, पण साध्या प्याद्यानं राजाला कोंडायचं तर फार लांबचं बघावं लागतं. कट्ट्यावर प्यादेमात बसली की हरणाऱ्यानं सगळ्यांना चहा पाजायचा, अशी चाल होती. त्या हिवाळ्यात कट्ट्याला मामांच्या जिवावर पुष्कळ चहा मिळाला. मुमताज सांगत होती ते खरं होतं आन् कट्ट्यावर दिसत होतं तेही खरं होतं. पण गावाला दोन्ही एकदम खरं कसं असेल ते उमगत नव्हतं.

मग व्हायचं ते झालं. खेळता खेळता मामा कट्ट्यावर बोलून गेले, "सुनंनं आजपण जेवायला दिलं न्हाई."

झालं. एवढा बुद्धिमान माणूस खोटं कशाला बोलेल? दिवस मावळायच्या आत गावभर बभ्रा झाला. शेजारची कुशाबाई दारात येऊन म्हणाली, "म्हातारं माणूस खातंय किती गं? चतकोर भाकर. तेवढ्यानं काय तुझं टोपलं रितं होतंय?"

दुसऱ्या दिवसापासून मुमताजनं मामांचं ताट बाहेर ओट्यावर मांडायला सुरुवात केली, रस्त्यानं जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल असं. तर बाया म्हणायला लागल्या, बघा, कशी गावाला दाखवून वाढती. आता माणसानं करावं तरी काय? आत वाढलं तर वाढलं नाही, बाहेर वाढलं तर देखावा. पुढं पुढं तिचं तिलाच खरं वाटेना. मामा "जेवलो न्हाई" म्हणाले की ती टोपल्याचं फडकं उचलून किती भाकरी उरल्यात ते बघायची.

शेवटी तिनं विषय काढला, की आब्बांना दौंडला डॉक्टरकडं नेऊ. नौशाद उखडला. तो तिला घेऊन थेट आण्णांकडं गेला. आण्णा म्हणजे मामांचे लहानपणापासूनचे दोस्त, शेवंतीचे बागायतदार. तेही रोज खेळायचे आन् रोज हरायचे.

"आण्णा, तुम्हीच सांगा हिला."

आण्णा मायेचा माणूस. तिला बसायला सांगून म्हणाले, "पोरी, ज्याला दहा चालींच्या पुढचं दिसतं, त्याला सकाळची भाकर आठवत न्हाई म्हंतीस?"

"व्हय आण्णा. न्हाई आठवत."

"मग आम्ही सगळी येडी का?"

मुमताज खाली मान घालून उठली. त्यानंतर तिनं कुणाला काही सांगितलं नाही.

संक्रांत होऊन गेली आन् एक दिवस ती पाणी भरून येते तर मामा घरात नव्हते. कट्ट्यावर नव्हते, मशिदीत नव्हते. पट आन् पिशवीही नव्हती.

"दौंडला बघा," मुमताज म्हणाली. "ठेसनावर. रोज सकाळी तेच म्हंत्यात."

"दौंडात आता आपलं हाय कोण? दुकान मोडून किती वर्षं झाली. आब्बांना येवढं कळत न्हाई व्हय?" नौशादचा आवाज चढला. "तुझ्यापायी रुसून गेलेत ते. आपाकडं गेले असतील शिरूरला."

शहाणा माणूस रुसला तर लेकीकडं जातो. म्हणून नौशाद आन् आण्णा आधी शिरूरला तहमीनाआपाकडं गेले. तिथं मामा नव्हते. तहमीनानं मात्र भावासमोर भावजयीचा यथेच्छ उद्धार केला. शहाणा माणूस मग बहिणीकडं जातो. म्हणून दुसऱ्या दिवशी वढूला गेले. जिथं जिथं शहाणा माणूस जाईल तिथं तिथं त्यांनी शोधलं, आन् दोन रात्री गेल्या. रात्री गारठा असा की ओट्यावर उभं राहवत नव्हतं. मुमताजनं दोन्ही दिवस भाकरी थापल्या आन् झाकून ठेवल्या. स्वतः पाण्याशिवाय काही घेतलं नाही. समोर ते बसलेले नसताना घास उतरणार कसा?

तिसऱ्या दिवशी तिनं कुणाला विचारलं नाही. डबा भरला आन् जाऊन जीपची वाट बघत फाट्यावर उभी राहिली. नौशादला कळलं तसा तो आण्णांना घेऊन धावत आला आन् त्याच जीपमध्ये बसला. दौंडला उतरून तिघं ठेसनात शिरले.

फलाटाच्या टोकाला एका बाकाभोवती हमालांचा घोळका होता. मधोमध मामा. पट मांडलेला. ओठ फुटलेले, पाय सुजलेले, पण सोंगटी जाऊन पडत होती ती बरोबर जागेवरच.

"लई तेज डोकं हाय आजोबांचं," एक हमाल कौतुकानं म्हणाला. "परवापासनं हितंच हायेत. गाडी लेट हाय म्हंत्यात. आख्खं ठेसन हरवलं त्यांनी."

"आरं, मग पोलिसांना तरी सांगायचं," नौशाद म्हणाला. "म्हातारा माणूस चुकलाय, कळलं न्हाई तुम्हाला?"

हमाल बुचकळ्यात पडला. "चुकलेला माणूस असा खेळतो व्हय?"

हे नौशादचंच वाक्य होतं. मामांनी मान वर करून त्याच्याकडं पाहिलं आन् बाकावर जागा करून दिली.

"बसा की पाव्हणं. पुढचा डाव तुमचा."

पोटच्या पोराला पाव्हणं म्हणाले. नौशाद बसला नाही, बाकाच्या पाठीला धरून राहिला. हमाल सांगत होता, चहा तेवढा घेत्यात, बाकी वडापाव दिला, भात दिला, कशाला हात लावला न्हाई.

मुमताज मामांच्या पायाशी बसली. तिनं डबा उघडला. मामांनी हात मागं घेतला.

"नको बाय. मी घरीच जेवतो. माझी सून थांबलेली असती. मी जेवल्याबिगर ती पोर घास घेत न्हाई. आत्तापण उपाशी बसली असंल."

आण्णांनी टोपी काढली आन् डोळ्यांवर धरली. नौशाद आपल्या बायकोकडं बघत होता, आन् ती त्याच्याकडं बघत नव्हती. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज तिनं सरळ ठेवला.

"व्हय, उपाशीच बसलीय. तिनंच धाडलाय डबा. तुम्ही जेवलात की ती जेवंल."

"असं म्हंतीस?"

मामा जेवले. हळूहळू, एकेक घास चावून, सगळ्यांच्या देखत. अर्धी भाकर मात्र त्यांनी मोडून बाजूला ठेवली, फडक्यात गुंडाळली आन् मुमताजच्या हातात दिली.

"ही तिला ने. आन् सांग तिला, मी जेवलो म्हणून."

"सांगते," मुमताज म्हणाली. आन् तिथंच फलाटावर बसून तिनं ती भाकर खाल्ली.